उलटी अक्षरं, सुलटा हिशेब

मुंबईचा माणूस सकाळी उठून नळ सोडतो तेव्हा त्याच्या बादलीत शहापूर तालुका पडत असतो. तानसा आणि भातसा ही नावं त्याला फक्त पाणीकपातीच्या बातमीत भेटतात. मुरबाडचं तेवढंही भाग्य नाही. पावसाळ्यात माळशेज घाटात भिजायला जाताना मुरबाड वाटेत लागतं, तेसुद्धा वडापाव आणि चहापुरतं. तर पाण्याचं हे देणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं बिल कुणी कुणाला किती द्यावं यावर भाषणंही होतात. पण मुंबईनं, आणि मुंबईमार्फत साऱ्या महाराष्ट्रानं, शहापूरच्या मातीतून आणखी एक वस्तू उचलली आहे आणि तिचं बिल आजवर कुणीच पाठवलेलं नाही. ती वस्तू म्हणजे अक्षरं.

आता हे वाचून शहापूरचे लोकही चमकतील, कारण अक्षर या विषयात आमच्या भागाची ख्याती फारशी नाही. आमच्या शाखेत भरून येणाऱ्या स्लिपा पाहिल्या तर त्याची खात्री पटते. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. कॉमर्सच्या माणसाला इतिहास एकाच रूपात माहीत असतो, थकबाकीच्या. पण २०२२ साली आमच्याकडे एक कर्जप्रकरण आलं, लाकडावर कोरीव काम करणाऱ्या यंत्राचं, आणि त्या फायलीच्या मागे लागून मी असा काही दोन हजार वर्षं मागे गेलो की आमच्या साहेबांना वाटलं, याला आता रजा द्यावी.

सुरुवात मुरबाडापासूनच करू. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याकडून चढायला लागलं की नाणेघाट लागतो. पूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला एक लांबलचक लेख कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या वेळचा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. लेख म्हटला की आपल्याला वाटतं, पराक्रमाचं वर्णन असणार, शत्रूंना पाणी पाजलं वगैरे. मी मोठ्या आशेनं त्याचं भाषांतर वाचलं तर काय, निघाला जमाखर्च! कुठल्या यज्ञात काय दक्षिणा दिली याची यादी. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, एका ठिकाणी १०,००१ गाई, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण. वरचा तो एक वाचून माझा ऊर भरून आला. पाकिटावर एक रुपया चिकटवायची आपली रीत दोन हजार वर्षांपूर्वी गाईंनाही लागू होती म्हणायची!

विद्वानांच्या दृष्टीनं या लेखाचं मोल त्यातल्या आकड्यांत आहे. आज आपण लिहितो त्या २, ४, ६, ७, ९ या अंकांचे पूर्वज तिथं दगडात दिसतात. एकच घराणं दिसत नाही, ते शून्याचं. २४,४०० लिहायचे तर वीस हजाराची एक खूण, चार हजाराची दुसरी, चारशेची तिसरी. शून्य नसलेल्या जगात कॅशियरचं काम कसं चालत असेल, या विचारानं मला दोन रात्री झोप नव्हती. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. पुतळे फुटून गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावं मात्र राहिली. दगडात बोटभर खोल गेलेलं अक्षर सहा फुटी राजापेक्षा टिकाऊ असतं, हा धडा नाणेघाटात फुकट मिळतो. फक्त त्या नावांत ती कोरणाऱ्या पाथरवटाचं नाव नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

दगडात कोरलेलं अक्षर वाचायला माणसाला घाट चढून जावं लागतं. अक्षरानंच घाट उतरून माणसाकडे यायचं तर ते छापायला हवं. मराठी मुलुखात ही खटपट नाना फडणिसांनी केली. भगवद्गीता छापायची म्हणून त्यांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली. १८०० साली नाना गेले आणि काम अर्धवट राहिलं. तो तांबट मिरजेला गेला, तिथल्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. नानांचं नाव सगळ्यांना ठाऊक, गंगाधररावांचं इतिहासाच्या मास्तरांना ठाऊक, आणि तांबटाला सगळे नुसतं ‘तांबट’ म्हणतात. त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. तिथले देवनागरी ठसे पाडणारा पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. म्हणजे आपली सरस्वती छापखान्यात आली ती तांबटाचा आणि लोहाराचा हात धरून. तिच्याबरोबर पंडित होते, पण ते मागाहून चुका काढायला आले.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली स्वतःच्या शिळाछापावर पंचांग छापलं. छापलेल्या पंचांगाला सोवळ्यातली मंडळी हात लावीनात, कारण शाईत चरबी असते अशी शंका. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत साजूक तूप घातलं, असं सांगतात. गिऱ्हाईक सांभाळण्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. आम्ही बँकेत फार तर पिण्याचं पाणी गार ठेवतो.

आणि आता येतात आमचे जावजी दादाजी. ‘आमचे’ म्हणायचं कारण असं की त्यांचं मूळ गाव उंबरखांड. उंबरखिंड नव्हे. शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं ती उंबरखिंड वेगळी, ती खाली खोपोलीकडे. हे उंबरखांड आमच्या शहापूर तालुक्यातलं. जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घरची परिस्थिती अशी की शाळेऐवजी पोरवयातच नोकरी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचे गृहस्थ देवनागरी टाइप सुधारण्याच्या मागे लागले होते. तिथं दरमहा दोन रुपयांवर जावजींना काम मिळालं. काम काय, तर टाइप घासायचे. साच्यातून ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूची कूस लागलेली असते, ती दगडावर घासून काढायची. आज चार, उद्या चारशे. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी किती टिकत असेल ते ज्याचं त्याला माहीत.

हा खिळा मुळात तयार कसा होतो, ते जरा सांगायला हवं. पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर अक्षर कोरायचं, तेही उलटं. आजूबाजूचं पोलाद कानशीनं खरवडून काढायचं, अक्षर तेवढं उभं ठेवायचं. मग ते टोक दिव्याच्या काजळीत धरून कागदावर दाबायचं आणि आपला ‘क’ कसा दिसतो ते बघायचं. मनासारखा दिसेपर्यंत हेच. मग पोलादाला पाणी देऊन ते कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. तांब्यात उमटतो तो साचा. त्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा. पोलादावर अक्षर उलटं, तांब्यात सुलटं, खिळ्यावर पुन्हा उलटं आणि कागदावर सुलटं. प्रत्येक नावेला एक जमा! द्विनोंदी पद्धत कॉलेजात शिकताना मला इतकी पटली नव्हती.

बरं, हे इंग्रजीसारखं सव्वीस अक्षरांवर भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागतात. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांत मराठी माणसाला आजही गोंधळ पडतो, कोरणाऱ्याला पडून चालत नाही. शिवाय अक्षराचं पोट. ‘भ’, ‘ध’, ‘श’ यांच्या पोटातली जागा अपुरी राहिली तर तिच्यात शाई भरते आणि छापल्यावर अक्षराऐवजी झुरळ बसल्यासारखं दिसतं. ही पोटं ओळखणारा एक माणूस जावजींना मित्र म्हणून मिळाला, राणोजी रावजी आरू. टाइम्सचा छापखाना, इंदुप्रकाश असं करत करत जावजींनी १८६४ साली स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि ठसे पाडले राणोजींनी. शाळा न पाहिलेल्या माणसाच्या छापखान्यातून पुढे १८८६ पासून संस्कृतची ‘काव्यमाला’ निघू लागली आणि निर्णयसागरी टाइपातली पोथी म्हणजे शुद्ध पोथी, असा देशभर लौकिक झाला. १८९२ साली तानशाचं पाणी मुंबईला पोचलं आणि त्याच साली जावजी वारले. एक देणं पोचतं झालं, दुसरं देऊन झालं. पाण्याच्या जलवाहिनीवर पहारा आहे, उंबरखांडच्या देण्याची नोंद मात्र फार थोड्यांकडे आहे. त्यातही जावजींना ओळखणारे शंभर, तर राणोजींना ओळखणारे पाच.

तिकडे साहेबाच्या देशांत वेगळाच खटाटोप चालू होता. मोठ्या जाहिरातीचं वीतभर अक्षर शिशात ओतलं तर उचलायला पैलवान लागेल, म्हणून ते लाकडात कोरायचं. अमेरिकेत डॅरियस वेल्स यानं १८२७ साली लाकूड झपाट्यानं कोरणारं फिरतं पातं लावलं. त्याला ‘राउटर’ म्हणतात. १८३४ च्या सुमारास विल्यम लेव्हनवर्थ यानं त्याला पँटोग्राफ जोडला. पँटोग्राफ म्हणजे चार पट्ट्यांची ती गंमत: एका टोकानं मूळ आकृती गिरवा, दुसरं टोक तीच आकृती लहान किंवा मोठी काढतं. ख्रिस्तोफ शायनर नावाच्या जर्मन पाद्र्यानं १६०३ साली काढलेली युक्ती. १८८५ साली बेंटन यानं याच तत्त्वावर पोलादाचे ठसे कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मग जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरची पाती अचूक करण्यासाठी यंत्राला आकड्यांनी हुकूम द्यायची कल्पना काढली आणि १९५२ साली एम. आय. टी.त तसं यंत्र चालवून दाखवण्यात आलं. तेव्हापासून यंत्राला हात नको, नुसते आकडे पुरेत. पातं इतकं उजवीकडे, इतकं पुढे, इतकं खाली. नाणेघाटात आकडे कोरले होते, आता आकडेच कोरायला लागले.

हे सगळं फिरत फिरत २०२२ साली एका टेंपोतून शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्यावरच्या एका सुतारकामाच्या शेडमध्ये येऊन उतरलं. कारखाना बापलेकांचा. बाप साठीतले, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मुलगा आय. टी. आय. झालेला. यंत्र म्हणजे आठ फूट बाय चार फुटांचा पलंग, त्यावर सरकणारी कमान आणि कमानीला टांगलेलं गरगरणारं पातं. मी आमच्या अधिकाऱ्यांबरोबर स्थळपाहणीला गेलो होतो, म्हणजे ते पाहणार आणि मी लिहिणार. फॉर्मात एक रकाना होता: ‘या यंत्रामुळे किती मनुष्यबळाची बचत होईल?’ मी प्रश्न मोठ्यानं वाचला. मुलगा गप्प. अधिकारी लाकडाच्या वाहतूक पासात डोकं घालून बसले. दाराच्या नक्षीचं जे काम मिस्त्रींना आठ दिवस लागे, ते हे यंत्र एका दिवसात उरकणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेवढ्यात मिस्त्री स्वतः चहा घेऊन आले. कपबशी माझ्या हातात देत म्हणाले,

“लिवा साहेब. एक.”

मी लिहिलं. दुसरं काय करणार? रकाना रिकामा ठेवता येत नाही.

यंत्र बसवायला कंपनीचा एक पोरगा आला होता, पाठीला सॅक आणि कानाला फोन. पहिलंच घोडं अडलं ते जमिनीवर. शेडमधला कोबा पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरता केलेला. यंत्र तर सपाटीत हवं, नाहीतर पातं एका टोकाला लाकूड खाणार आणि दुसऱ्या टोकाला हवा. पोरगा सॅकमध्ये लेव्हल शोधत होता, तोवर मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, दोन्ही टोकं दोन पायांना धरली आणि चारी पाय पाण्याला लावून दिले. मग पलंग काटकोनात बसला का, हा प्रश्न. मिस्त्रींनी टेप काढला, दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा तीन सूत जास्त. “वाकडा हाय,” ते म्हणाले. पोरगा म्हणाला, “काका, फॅक्टरी सेटिंग आहे.” मिस्त्री म्हणाले, “आसंल. फॅक्टरी वाकडी आसंल.” बोल्ट ढिले करून कमान ठोकून ठाकून सरळ करण्यात दुपार गेली. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलं, यंत्राला हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी कंट्रोलरवर उडू नये म्हणून त्या पोरग्यानं त्याच्यावर स्वतःची सॅक धरली. तेवढंच त्या दिवशी त्याचं हातचं काम.

मग शून्य लावायचं. पातं लाकडाला नेमकं कुठं टेकतं ते यंत्राला कळत नाही, ते आपण सांगायचं. पात्याखाली कागद धरून पातं केसाकेसानं खाली आणायचं, कागद जरा अडकल्यासारखा झाला की ते शून्य. कागद हवा म्हणताच मी खिशातून पैसे भरायची कोरी स्लिप काढून दिली. नाणेघाटच्या मंडळींना शून्यावाचून चाललं, या यंत्राचं पान शून्याशिवाय हलत नव्हतं, आणि ते शून्य आमच्या स्लिपेवर मिळालं. बँकेत बहुतेकांच्या खात्यात ते आपोआपच मिळतं.

पहिलं काम एका बंगल्याच्या पाटीचं होतं. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर संगणकात आला तो इंग्रजी अक्षरांची मारामारी होऊन. दुसऱ्या फॉन्टात घेतला तर ‘श्री’चे तुकडे झाले आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे बसायची ती मागे जाऊन बसली. दीडशे वर्षांपूर्वी जुळाऱ्यांना जे भोगावं लागलं तेच आता सॉफ्टवेअरला. शेवटी मुलानं सगळ्या अक्षरांच्या नुसत्या कडरेषा करून घेतल्या, म्हणजे यंत्राला ते अक्षर आहे हे कळायचंच कारण नाही. यंत्र सुरू झालं. सागाचा भुसा उडाला, सगळे शिंकले. पाटी तयार झाली, आणि ‘ध’च्या पोटातलं लाकूड टवका उडून गेलं होतं. दुसरी पाटी केली, आता ‘भ’चं गेलं. पोरगा म्हणाला, पात्याचा वेग कमी करा. केला. ‘श’चं गेलं.

इतका वेळ मिस्त्री कोपऱ्यात पटाशीला धार लावत होते. म्हशाच्या जत्रेत कधीकाळी घेतलेली पटाशी, झिजून निम्मी झालेली. ते उठले, पाटी तिरकी करून उजेडात धरली आणि म्हणाले, “रेषा आडवी जातेय लाकडाची. आन् ह्या अक्षरांना पोटच ठेवलं नाय. कागदावर चालंल, लाकडात नाय चालायचं.” मग त्यांनी एका फळीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं ‘ध’ काढला. पोट मोकळं, गाठ जाड, कोपरे गोल, कारण फिरत्या पात्याला टोकदार कोपरा साधतच नाही. मुलानं त्याचा फोटो काढला, संगणकात गिरवला, फळीचा धागा फिरवून लावला. ‘ध’ सबंध आला.

तेव्हा मला तो फॉर्म आठवला. वेल्सचं पातं असो, बेंटनचं यंत्र असो की हे आकड्यांवर चालणारं, गिरवायला पहिलं अक्षर कुणीतरी हातानं काढून द्यावंच लागतं. आकडा कुठं जायचं ते सांगतो, लाकूड कुठं तुटेल ते सांगत नाही. म्हणून मिस्त्रींचं काम वाचलं, असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दाराच्या नक्षीचं काम गेलं ते गेलंच. पूर्वी महिन्याचे पंचवीस दिवस त्यांची पटाशी चाले, आता आठवड्यातून दोन दिवस, टवके साफ करायला. उरलेला वेळ ते अक्षरं काढतात. पहिल्या वर्षात त्यांनी सगळी बाराखडी आणि बरीचशी जोडाक्षरं काढली. मुलानं ती संगणकात ‘बाबा’ या नावानं ठेवली आहेत. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत दुकानांच्या, बंगल्यांच्या आणि एका पतपेढीच्या पाटीवर आता ती दिसतात. गिऱ्हाईकं येऊन विचारतात, “ते बाबावालं अक्षर आहे का?” नाणेघाटच्या पाथरवटाला आणि मिरजेच्या तांबटाला जे मिळालं नाही, ते निदान इतपत तरी इथं मिळालं. हप्तेही वेळेवर येतात. तेवढं सांगणं माझं कामच आहे.

आमच्या घराला पाटी हवी असं आमच्या मंडळींनी ठरवलं तेव्हा मी मिस्त्रींकडे गेलो. आडनाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते बोटानं मोजलं आणि म्हणाले, “जोडाक्षरं दोन हायेत. त्यांचे जास्ती पडतील.”

मी म्हटलं, “मिस्त्री, आता कोरायचं मशीननं. मशीनला साधं काय नि जोडाक्षर काय?”

“मशीनला नाय पडत,” मिस्त्री म्हणाले, “मला पडतं.”

मी घासाघीस न करता पैसे दिले. पावतीही मागितली नाही. बँकेतल्या माणसाकडून याहून मोठा मान दुसरा कुठला मिळणार?